विचारलंय तेवढंच

दोहा, ११ जानेवारी २०१९

ससाणा मान वळवून बसला होता आणि तो माणूस चामड्याचा हातमोजा त्याच्या पायांशी धरून थांबला होता. ओढत नव्हता, ढकलत नव्हता. काहीतरी पुटपुटायचा, मग गप्प व्हायचा, मग हातमोजा बोटभर पुढे. मी दाराशी उभा. दुकानदाराने विचारलं, काय हवं? मी हिंदीत म्हटलं, बघतोय. बऱ्याच वेळाने ससाण्याने एक पाय उचलून हातमोज्यावर ठेवला. दुसरा अजून खुंटीवरच. मग दुसराही आला. माणसाने श्वास सोडला, एवढंच.

हे ‘कोक्स’, म्हणजे जोर न करता हळूहळू राजी करणं. सूक वाकिफच्या जुन्या बाजारात, पक्ष्यांच्या गल्लीत सापडलं.

शैलजा, तुला यातलं काही माहीत नाही, म्हणून सांगतो. कंपनीने आम्हा काहीजणांना सेफ्टीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेला बसवलंय. पेपर इंग्रजीत. दर मंगळवारी साइट ऑफिसमध्ये शेरॉन शिकवते. वसईची आहे, ट्रेनिंग विभागात बरीच जुनी. पहिल्याच दिवशी म्हणाली, तुम्हाला वस्तूंची नावं सगळी येतात, तुम्ही अडता क्रियापदावर. अर्थ ती एका ओळीत सांगते, आणि मग घरी जाऊन पाठ करायचा नाही असा नियम.

“क्रियापद आहे ना,” ती म्हणते, “मग जगात कुठेतरी कोणीतरी ते करत असणार. जा, करताना बघून या.”

म्हणून मी आता सुट्टीच्या दिवशी क्रियापदं बघायला जातो. दोहात इतकी वर्षं राहून मी काय बघत होतो, असा प्रश्न पडतो. कोक्सला आपल्याकडे चुचकारणं म्हणता येईल, पण चुचकारणं तोंडाने होतं. हा माणूस जास्त वेळ गप्पच होता.

मागच्या आठवड्याचं क्रियापद होतं ‘प्रोक्रॅस्टिनेट’. करायचं ते उद्यावर ढकलणं. मच्छिंद्र उभा राहिला. तो परांचीचा फोरमन, पारनेरचा, हल्ली आपल्याच घरात असतो. म्हणाला, “मॅडम, बघून आलो. अवधूतराव वहिनींना पत्र लिहितात तेव्हा.” वर्ग हसला. शेरॉनने त्याला पूर्ण मार्क दिले.

म्हणून आज बसलो.

तुझा प्रश्न माझ्या लक्षात आहे. दिवाळीला गेलात त्या तू आणि आसावरी संगमनेरलाच राहिलात, आणि तू म्हणालीस, “शाळेतली माझी बिनपगारी रजा जूनमध्ये संपते. मी राजीनामा का द्यावा ते लिहून कळवा. फोनवर तुम्ही नुसतं हो, बघू करता.” त्यानंतर फोन आसावरीच उचलते आणि “बाबा, आई सेज राइट इट डाउन” म्हणते. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर मी निळ्या खुणा बघत बसेन, म्हणून कागद.

तर दोहा आता तुम्ही पाहिलीत तशी नाही. मेट्रो चालू होणार आहे. अल नस्रच्या आपल्या गल्लीतला खणलेला रस्ता बुजवला, तिथे झाडं लावलीत. वर्ल्ड कपच्या आमच्या स्टेडियमवर छताचा पहिला भाग चढला तेव्हा सगळे काम थांबवून वर बघत उभे राहिलो. आसावरीच्या इथल्या शाळेची बस आता थेट दारापर्यंत येते.

बाकी पुढच्या पत्रात.

अवधूत


दोहा, २ फेब्रुवारी

काल संध्याकाळी कतारने फुटबॉलचा आशिया कप जिंकला. समुद्राकडच्या रस्त्यावर गाड्या आणि गाड्यांच्या टपावर माणसं. एक म्हातारा अरब गाडीतून उतरला, त्याने मला मिठी मारली, आणि परत गाडीत बसला. आपण हे सगळं कशासाठी बांधतोय ते इथल्या लोकांना काल पहिल्यांदा खरं वाटलं असावं. मलाही.

या आठवड्याचं क्रियापद होतं ‘एग्झल्ट’, आनंद अंगात न मावणं. शेरॉनने सकाळी निरोप पाठवला: हे फुकट मिळालं, मोजणार नाही, दुसरं शोधा. ‘रिलेंट’. ताणून धरलेलं आपण होऊन सैल करणं. नमतं घेणं म्हटलं तर त्यात हरणं येतं. रिलेंटमध्ये ते नाही, असं ती म्हणते.

ते मला काल दुपारीच दिसलं होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. शुक्रवारी मॉलमध्ये फॅमिली डे असतो, एकट्या पुरुषाला आत सोडत नाहीत, तुला आठवत असेल. आपण तिघं सरळ आत जायचो आणि दाराशी थांबवलेल्या माणसांकडे मी कधी नीट पाहिलं नाही. काल मी एकटा होतो. गार्डने हात आडवा केला. “फॅमिली?” माझ्या पुढे एक नेपाळी होता. त्याने फोन काढून बायको आणि मुलाचा फोटो दाखवला. फोटोतली माणसं काठमांडूला असणार, हे गार्डला कळत होतं. त्याने मान हलवली. मग पुन्हा फोटो पाहिला. मग अर्धं पाऊल बाजूला सरकला, दुसरीकडे बघत.

मी माझा फोन काढला नाही. घरी आलो.

मच्छिंद्र म्हणतो, तुम्ही वहिनींना पत्र लिहिताय का पंचनामा? मी म्हटलं, तिला आवडतं सविस्तर. तो म्हणाला, “विचारलंय का त्यांनी?”

तुझ्या प्रश्नाबद्दल: पोरीच्या इंग्रजीचं बघ. आणि हवा. संगमनेरला मे महिन्यात काय होतं ते मी सांगायला नको. इथे निदान घरात थंड असतं.

अवधूत


दोहा, ८ मार्च

तुझं पत्र मिळालं. पाकिटात एवढा मोठा कागद आणि त्यावर दोन वाक्यं.

“उत्तरं वाचली. आता प्रश्न वाचा.”

मच्छिंद्रला दाखवलं. त्याने टोपी काढली.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात सराव परीक्षेचा निकाल लागला आणि मी नापास झालो. मला येत नव्हतं म्हणून नव्हे. पहिल्या प्रश्नात म्हटलं होतं, खोदकामातले पाच धोके ‘आयडेंटिफाय’ करा. मी दोन पानं लिहिली. माती का ढासळते, पाण्याचा दाब, आपल्याकडे विहीर खणताना बाजू कशा धरतात. सगळं बरोबर होतं. शेरॉनने त्यावर लाल रेघ ओढली आणि वर्गासमोर म्हणाली, “आयडेंटिफाय म्हणजे बोट दाखवायचं आणि गप्प बसायचं.”

आम्ही बारा जण होतो. आठ नापास, आठही भारतीय. शेरॉनला आश्चर्य वाटलं नाही. दर वर्षी हेच होतं म्हणाली. आपण शाळेत पुरवणी मागायला शिकलेली माणसं. वर्गात पहिल्यांदा हात वर करून पुरवणी मागेल तो हुशार. आमचे सर म्हणायचे, तपासणारा पानं वजन करून मार्क देतो. मी दहावीत ‘टीप लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’ आणि ‘शास्त्रीय कारणे द्या’, तिन्हींना सारखंच उत्तर लिहिलं आणि पहिल्या वर्गात आलो. तू शास्त्र शिकवतेस. तू असे किती पेपर तपासले असतील.

मग तिने फळ्यावर पाच क्रियापदं लिहिली आणि संपूर्ण तास तेवढ्यावरच घेतला. मी तुला सगळं सांगणार नाही. आउटलाइन म्हणजे खडूची रेघ. डिस्क्राइब म्हणजे जो तिथे नव्हता त्याला दिसलं पाहिजे. एक्स्प्लेन म्हणजे का आणि कसं. इथपर्यंत ठीक. मी विचारलं, मग ‘जस्टिफाय’ वेगळं काय? तेही कारणच देणं.

“एक्स्प्लेन करताना समोरच्याला फक्त समजायला हवं असतं,” ती म्हणाली. “जस्टिफाय करताना समोरचा तयार नाही असं धरायचं. त्याचं काहीतरी जाणार आहे. तुझं ऐकून त्याने ते आपल्या हाताने सोडलं पाहिजे. म्हणून त्याचं काय जातंय ते तुला आधी माहीत पाहिजे.”

रात्रपाळीची माणसं बाहेर बसची वाट बघत होती, म्हणून वर्ग सुटला. मी येताना तुझा प्रश्न पुन्हा वाचला. तू दोहा कशी आहे असं विचारलेलं नाहीस. संगमनेरच्या हवेबद्दलही नाही.

मी प्रयत्न करतो. मला वाटतं, एकत्र राहणं हे कारण आहे. ऑक्टोबरमध्ये स्टेडियम सोपवलं की मला दोन्ही सुट्ट्या मिळतील, आता फक्त शुक्रवार मिळतो. आपल्याला वेळ मिळेल.

हे जस्टिफाय झालं का, ते तू सांग.

अवधूत


दोहा, ५ एप्रिल

शैलजा,

तुझं दुसरं पत्र.

“१. ऑक्टोबरनंतर तुमचा करार आहे का? (हो किंवा नाही. गुण १)
२. आसावरीच्या खोलीत कोण राहतं आणि कधीपासून? (एका वाक्यात. गुण १)
३. मूळ प्रश्न अजून अनिवार्य आहे.”

उत्तर एक: नाही.

उत्तर दोन: मच्छिंद्र, डिसेंबरपासून.

इथे थांबायला हवं. पण तू मार्क कापलेस तरी चालेल, थोडं लिहितो. स्टेडियम सोपवलं की आमची तुकडी मोडणार. जे ही परीक्षा पास होतील त्यांना आणखी दोन वर्षांचा करार मिळेल, बाकीच्यांना तिकीट. हे मला नोव्हेंबरपासून माहीत आहे. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच संपलं असतं.

खोलीबद्दल: तुम्ही गेल्यावर ती बंद ठेवली होती. मग येता-जाता बंद दार दिसायचं. मच्छिंद्र कॅम्पमधून घर शोधत होता. त्याने भिंतीवरचा आसावरीचा नकाशा काढलेला नाही. कतारवर तिने लावलेली लाल टिकली त्याच्या डोक्याशी येते.

आता क्रियापद. ‘असर्टेन’. खातरजमा करणं, पण कोणाच्या सांगण्यावरून नाही. मच्छिंद्र परांचीला हिरवा टॅग लावतो, म्हणजे आता तिच्यावर चढायला हरकत नाही. टॅग लावण्याआधी तो प्रत्येक क्लॅम्प हाताने हलवून बघतो. आदल्या पाळीच्या माणसाने हलवलेला असला तरी. मी विचारलं, त्याच्यावर विश्वास नाही का? तो म्हणाला, “विश्वास हाय ना राव. पण चढणारा माझ्या टॅगवर चढतो.”

मला वाटलं होतं तुम्ही दोघी दिवाळीनंतर याल. जाताना तू मसाल्याचे डबेही इथेच ठेवून गेलीस, त्यावरून मी धरून चाललो. हलवून पाहिलं नाही.

परीक्षा पुढच्या आठवड्यात.

अवधूत


दोहा, १९ एप्रिल

परीक्षा झाली. एकही पुरवणी मागितली नाही. शेजारचा माणूस तिसरी मागत होता तेव्हा माझा हात आपोआप वर चालला होता, तो खाली घेतला.

शेवटचा प्रश्न होता: मालक परांचीच्या जाळीवर खर्च करायला तयार नाही, त्याला खर्च करणं ‘जस्टिफाय’ करा. मी आधी कच्च्या कागदावर मालकाचं काय जातंय ते लिहिलं. मग उत्तर आपोआप छोटं झालं.

बाहेर आल्यावर शेरॉनला म्हटलं, बाकी सगळी क्रियापदं मी कोणाला तरी करताना पाहिली, हे एकच राहिलं. गेले दोन आठवडे शोधतोय. ती म्हणाली, राहू दे, परीक्षा संपली. पण मला आता सवय लागलीय.

अल मुंतझाच्या किराणा दुकानात एक बाई नवऱ्याला पटवत होती की मोठं घर घ्यायला हवं. ती घराचं वर्णन करत होती. ऑफिसात एकाने उशिरा येण्याचं कारण सांगितलं, ते एक्स्प्लेन. टीव्हीवर माणसं बोलतात त्यातलं बरंचसं आउटलाइनसुद्धा नसतं. समोरच्याचं काय जातंय ते आधी हातात घेऊन बोलणारा कोणी दिसत नाही. दुर्मिळ असावं. किंवा लोक ते घरात करत असतील, दार लावून.

तू लिहिलेलं नाहीस. घाई नाही, हे लिहिणार होतो. पण घाई आहे, मुख्याध्यापकांना मे अखेरीपर्यंत लेखी हवंय, हे आसावरीने सांगितलं.

अवधूत


दोहा, ४ मे

शैलजा,

हे पत्र मच्छिंद्र घेऊन येतोय. परवा तो सुट्टीवर निघतो. पारनेरला जाण्याआधी संगमनेरला उतरेल. त्याला चहा दे, साखर कमी. तो तुला वहिनी म्हणेल आणि माझी बाजू मांडायला बघेल. मांडू देऊ नकोस. त्याला माझी बाजू माहीत नाही.

गुरुवारी निकाल लागला. मी पास झालो. मच्छिंद्रसुद्धा. शेरॉनने साइट ऑफिसमध्ये सर्वांना केक दिला. दुपारी मॅनेजरने बोलावून दोन वर्षांच्या कराराचं पत्र हातात ठेवलं. तुम्ही सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर इथला राहण्याचा परवाना रद्द होतो, आणि ते सहा महिने आता भरतायत. म्हणून कंपनीचा मंदूब, जो सरकारी कचेऱ्यांची कामं करतो, त्याच्याकडे तुम्हा दोघींचे कागद मी मागेच दिले होते. तो म्हणाला, आता करार आहे, काही अडचण नाही, यल्ला, रविवारी सकाळी दाखल करतो.

म्हणजे मला हवं होतं ते सगळं जुळून आलं. शुक्रवारी मी तुला हे सांगायला फोन केला. फोन आसावरीने उचलला. तू बाजारात गेली होतीस.

मी तिला करार सांगितला. दोन वर्षं. ती म्हणाली, “ओके.” मी म्हटलं, नुसतं ओके? मग ती बोलली. सगळं इंग्रजीत बोलली, मी मराठीत लिहितो. तिने तुला हे सांगितलंय की नाही, मला माहीत नाही.

ती म्हणाली, “बाबा, तुम्ही तिथे एकटे आहात ते मला माहिताय. तुम्ही रोज डाळ-भात करता तेही. आम्ही आलो नाही तर तुमचं काय होतं ते मला माहिताय. पण रजा असूनही आई जादा तास घ्यायला शाळेत येते, आणि आमचा वर्ग तिच्या स्टाफरूमच्या शेजारी आहे. मधल्या सुट्टीत आई हसते. मोठ्याने. मला कॉरिडॉरमध्ये ऐकू येतं. दोन वर्षं दोहात होतो, मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. मला वाटायचं आई हळूच हसणारी आहे.”

मग ती म्हणाली, “बाबा, आर यू देअर?” मी म्हटलं, आहे.

शैलजा, तिने माझं काय जातंय ते आधी सांगितलं. मग तिचं म्हणणं. बारा वर्षांची मुलगी. इतके दिवस मी बाजारात, मॉलच्या दाराशी, टीव्हीवर शोधत होतो.

मग मी तुझ्या बाजूने तसं करून पाहिलं. कच्च्या कागदावर लिहिलं, राजीनामा दिला तर शैलजाचं काय जातं. एकोणीस वर्षांची नोकरी. पुन्हा मिळणार नाही, अनुदानित शाळेत या वयात कोणी घेत नाही. प्रयोगशाळेच्या किल्ल्या. तिला बाई म्हणणारी मुलं. इथे आल्यावर अल नस्रमध्ये तिला कोणी काही म्हणत नव्हतं. मी ऑफिसातून येईपर्यंत ती कोणाशी बोलत नव्हती. आणि ते हसणं, जे मला माहीतच नव्हतं.

खाली लिहिलं, तिला काय मिळतं. मी. दोन वर्षं. त्यातले शुक्रवार, आणि ऑक्टोबरनंतर शनिवारसुद्धा.

माझ्या बाजूने खूप लिहिता आलं असतं. मला तुम्ही दोघी इथे हव्या आहात. दार उघडल्यावर घरात दिवा हवा आहे. हे खरं आहे, पण हे वर्णन झालं. मला एकटं का राहवत नाही, हेही सांगता येईल, आणि तू समजून घेशील, तू नेहमी घेतेस. ते स्पष्टीकरण. तू विचारलंस ते यातलं काहीच नाही.

तू विचारलंस, मी राजीनामा का द्यावा.

उत्तर: देऊ नकोस.

मी परत यावं का, हे तू कधी विचारलेलं नाहीस. विचारलेलं नाही त्याचं उत्तर लिहीत नाही.

अवधूत


५ मे, सकाळ

पाकीट अजून बंद केलं नव्हतं म्हणून खाली लिहितो.

आठ वाजता मंदूबच्या ऑफिसात गेलो. तुमचे कागद वरच होते, फोटो नुकतेच चिकटवलेले. मी म्हटलं, दाखल करू नका. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “फॅमिली खलास?” मी म्हटलं, नाही, सुट्टीत येतील, तेव्हा पाहुण्यांचा व्हिसा काढू. त्याने दोन्ही फोटो सुटे करून मला परत दिले. पाठीवर गोंद होता, तो वाळेपर्यंत हातात धरून मी बसस्टॉपवर उभा राहिलो.

करारावर अजून सही केलेली नाही. मॅनेजरने गुरुवारपर्यंत वेळ दिला आहे.